कोकणातले जुने घर आणि आजचे राहणे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गणेशोत्सवासाठी गावी जाऊन आल्यानंतर कोकणातल्या वाचकांची पत्रे वाढतात. एरवी बंद असणारे घर त्या दिवसांत उघडते आणि भिंतीची ओल, कौलातली गळती व काळोखे माजघर सगळ्या भावंडांना एकदमच दिसते. दिवाळीनंतर कामाला कोरडे दिवस मिळतात, म्हणून या अंकात जुन्या घरांच्या अंतर्भागाविषयीचे प्रश्न घेतले आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमचे घर राजापूर तालुक्यात असून आजोबांनी ते १९३५ च्या सुमारास बांधले. भिंती चिऱ्याच्या आणि दीड फूट जाडीच्या आहेत. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही आतून सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक रंग दिला. तेव्हापासून दर पावसाळ्यात कमरेच्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटतात आणि पांढरी पूड दिसते. सजावटकार म्हणतात की, लाकडी पॅनेल लावले की ओल दिसणार नाही आणि घराला नवे रूपही येईल. नातेवाइकांचे म्हणणे आहे की, गिलावा काढून चिरा उघडा ठेवावा. आम्ही काय करावे?

उत्तर : पॅनेल मुळीच लावू नये. ओल दिसेनाशी होणे आणि ओल जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पॅनेलच्या मागे कोंडलेल्या दमट हवेत वाळवीला आयती, काळोखी आणि निवांत जागा मिळते, आणि तिचा पत्ता लागतो तेव्हा ती बहुधा दाराच्या चौकटीपर्यंत पोहोचलेली असते.

जांभा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून निघताना तो इतका मऊ असतो की त्याचे चिरे सहज पाडता येतात, आणि हवा लागली की तो कठीण होत जातो. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात फ्रान्सिस बुकानन याने मलबारात पाहिलेल्या या दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. अशा दगडाची भिंत जोत्याखालचा थोडाफार ओलावा शोषून घेणारच. पूर्वी वरचा गिलावा चुन्याचा असे आणि चुना हा ओलावा हवेत जाऊ देत असे, त्यामुळे आषाढात दमट झालेली भिंत मार्गशीर्षापर्यंत आपोआप सुकून जाई. आपण सिमेंट आणि प्लास्टिक रंग लावून ती वाट बंद केली. आता पाणी भिंतीतल्या भिंतीत वर चढते आणि त्याने सोबत आणलेले क्षार रंगाच्या पापुद्र्यामागे स्फटिकरूपाने साचून तो ढकलून देतात. आपल्याला दिसणारी पांढरी पूड म्हणजे हेच क्षार होत.

म्हणून काम घराबाहेरून सुरू करावे. वाहने उभी करण्यासाठी अंगणात काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घातले असतील, तर मूळ जोते अर्धे जमिनीत गाडले गेले आहे का ते आधी पाहावे. पागोळ्यांचे पाणी जोत्यापाशी पडून तिथेच मुरत असेल, तर आत केलेला कोणताही खर्च वाया जाईल. पागोळीच्या रेषेखाली उघडा चर खणून त्याला घरापासून दूर उतार द्यावा आणि भिंतीलगतची हातभर पट्टी मोकळ्या मातीची ठेवावी.

त्यानंतर दिवाळी झाली की आतला सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोड्याने काढावा. यंत्राने तोडू नये, कारण सिमेंटबरोबर जांभ्याचा दर्शनी थर निघून येतो. उघडी भिंत फेब्रुवारी-मार्चपर्यंत तशीच सुकू द्यावी. मधल्या काळात वर आलेले क्षार कोरड्या कुंच्याने झाडून काढावेत, धुऊ नयेत, कारण धुतले की ते पुन्हा आत जातात. मग पाण्यात मुरवलेला चुना आणि धुतलेली रेती यांचा गिलावा दोन किंवा तीन थरांत करावा. साधारण एका भागाला अडीच ते तीन भाग रेती चालते. खाडीची रेती न धुता वापरली तर क्षार आपणच भिंतीत भरल्यासारखे होईल, याकडे विशेष लक्ष असू द्यावे. जुने गवंडी चुन्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत, ते केवळ रूढीपोटी नव्हे. त्याने मिश्रण चिकट आणि कामाला सोपे होते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक थर काही दिवस हलका ओलसर ठेवावा लागतो. शेवटी चुन्याचे तीन-चार पातळ हात द्यावेत. पांढरा नको असेल तर त्यात पिवडी, गेरू किंवा नीळ मिसळता येते, आणि त्या रंगांना जी मऊ छटा येते ती डब्यातल्या रंगाला येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिरा उघडा ठेवण्याविषयी. बाहेरून चिरा उघडा असला तरी राहत्या खोल्यांत बहुतेक घरांना आतून गिलावाच असे, आणि त्यामागे कारण होते. चिऱ्यांमधला जोड मातीचा असेल, तर उघड्या भिंतीतून ती माती रोज झरत राहते. फारच हौस असेल तर एखादीच कोरडी आतली भिंत उघडी ठेवून तिचे दर्जे, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, चुन्याने भरावेत आणि तिच्यावर कोणताही पारदर्शक लेप देऊ नये. हे मी अनुभवाने सांगतो. मालवण तालुक्यातल्या एका घरात, धूळ झडू नये म्हणून मी स्वतः अशा भिंतीला चकाकणारा लेप द्यायला लावला होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जांभ्याचे खवले लेपासकट गळून पडू लागले, आणि ती संपूर्ण भिंत खरवडून चुन्याने लिंपावी लागली. त्या कुटुंबाचा खर्च दुप्पट झाला, याची खंत मला आजही आहे.

प्रश्न : आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या घरात ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत काढून शहरातल्यासारखा एकच मोठा हॉल करावा, अशी मुलांची इच्छा आहे. माजघर फारच काळोखे आहे आणि तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. ही भिंत काढता येईल का?

उत्तर : माझा सल्ला काढू नये असा आहे. कोकणी घराच्या छपराचे वजन आढ्यावरून आणि वाशांवरून तुळयांत आणि तिथून खांबांत किंवा मधल्या भिंतींत उतरते, आणि पुष्कळ घरांत माजघराची भिंत हा त्यातला मुख्य आधार असतो. तिच्या जागी लोखंडी तुळई बसवणे अशक्य नाही, परंतु त्यासाठी संरचना अभियंत्याने छपरापासून पायापर्यंतचा भार मोजलेला असला पाहिजे. ठेकेदाराच्या ‘आम्ही असे खूप केले आहे’ या शब्दावर विसंबून राहू नये. रत्नागिरी जिल्ह्याला १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण आहे, हेही विसरू नये.

दुसरे असे की, भिंत काढल्याने माजघर उजळेलच असे नाही. ओटीपुढे पडवी असते आणि पडवीचे छप्पर खाली उतरलेले असते, त्यामुळे समोरून येणारा उजेड मुळातच थोडा असतो. माजघराला उजेड वरून द्यायला हवा, आणि त्याची उत्तम सोय आपल्याकडे आधीपासून आहे, ती म्हणजे काचेचे कौल. मंगलोरी कौलाच्याच आकाराची काचेची कौले मिळतात. उत्तरेकडच्या पाख्यात, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूत, पाच-सहा कौले विखरून बसवली तर दिवसभर शांत, सावलीसारखा उजेड मिळतो. दक्षिणेकडे बसवली तर ऊन थेट आत उतरते आणि एप्रिलमध्ये ते सोसवत नाही. खाली तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचे छत, असेल, तर कौलाखालच्या तेवढ्या भागातल्या फळ्या काढून तिथे लाकडी चौकटीत काच बसवता येते. भिंती चुन्याने पांढऱ्या केल्या की हाच उजेड कितीतरी वाढल्यासारखा भासतो.

ओटी आणि माजघर यांच्यामधल्या दाराची चौकट, तिच्यावरची गणेशपट्टी आणि उंबरठा तसेच ठेवून, दाराच्या दोन्ही अंगांना खिडक्या बुजवलेल्या आहेत का ते पाहावे. पुष्कळ घरांत कपाटे ठेवण्यासाठी त्या नंतर बंद केलेल्या सापडतात. त्या उघडल्या आणि जुन्या गजांमागे काचेची दारे बसवली, तर ओटीवर बसलेल्यांना आतले दिसते आणि तरीही माजघराचा आडोसा मोडत नाही. मुलांना जो मोकळेपणा हवा आहे, तो बहुधा एवढ्याने मिळतो.

कोणतीही रचना ठरवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. गणपती कोणत्या भिंतीशी बसतो आणि माटवी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांनी सजवलेली लाकडी चौकट, कशाला बांधली जाते? शिमग्यात पालखी कुठपर्यंत आत येते? एका घरात नव्या छतामुळे माटवीच्या कड्या झाकल्या गेल्या आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी छताला भोके पाडावी लागली. नकाशावर या जागा आधीच खुणेने दाखवल्या तर असा प्रसंग येत नाही.

विजेचे काम याच वेळी करून घ्यावे. तारा लपवण्यासाठी चिऱ्यात खाचा मारू नयेत. तांब्याच्या किंवा साध्या काळ्या नळ्या भिंतीवरून सरळ रेषेत नेल्या तर त्या जुन्या भिंतीवर शोभतात आणि दुरुस्तीलाही सोप्या पडतात. जुन्या लाकडी पट्ट्यांतल्या तारा पूर्ण बदलाव्यात, अर्थिंग नव्याने करावे आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-प्रवाह रोधक अवश्य बसवावा. दमट भिंतींच्या घरात त्याने जीव वाचतो.

प्रश्न : अलिबागजवळच्या आमच्या घरात समोरच्या दोन खोल्यांत नक्षीच्या रंगीत सिमेंट लाद्या आहेत. काही फुटल्या आहेत, काहींचा रंग उतरला आहे. सगळीकडे एकसारख्या व्हिट्रिफाइड टाइल बसवाव्यात का?

उत्तर : कृपया बसवू नयेत. या लाद्या भट्टीत भाजलेल्या नसून रंगीत सिमेंटचा थर साच्यात ओतून दाबयंत्राखाली दाबलेल्या आणि पाण्यात मुरवलेल्या असतात. मुंबईत १९२२ पासून त्यांचे देशी उत्पादन होऊ लागले आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांनी गावच्या घरांसाठी त्या हौसेने आणल्या. रंग वरवर लावलेला नसून थरातच असल्यामुळे उतरलेली वाटणारी लादी बहुधा नुसती मळलेली असते. सौम्य साबण, पाणी आणि मऊ घासणी यांनी एखादी लादी स्वच्छ करून पाहावी. ॲसिड कधीही वापरू नये, त्याने सिमेंटच खाल्ले जाते.

फुटक्या लाद्यांसाठी कमी वापराच्या खोलीतल्या किंवा पलंगाखालच्या चांगल्या लाद्या काढून आणाव्यात, आणि पाहुण्यांच्या खोलीत त्यांचा पूर्ण गालिचा जुळवावा. ज्या खोलीतून लाद्या काढल्या, तिथे लाल ऑक्साइडचा कोबा, म्हणजे सिमेंटची घोटीव जमीन, करावी. कोबा एका दमात घोटून काढणारा कारागीर मिळाला पाहिजे आणि निदान आठवडाभर त्याच्यावर पाणी साठवून ठेवले पाहिजे. पुढे मेणाने घासत गेल्यास दरवर्षी तो अधिक सुंदर होतो. चकचकीत टाइलचे दोन दोष आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावर दमट हवेचे पाणी जमून वृद्ध माणसे घसरतात, आणि जमिनीतली ओल टाइलखाली अडकून भिंतींकडे वळते.

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही देवगडच्या घरी कायमचे राहायला जाणार आहोत. घरात चूल आणि मागच्या अंगणात न्हाणीघर आहे. आम्हाला मॉड्युलर किचन आणि आतमध्ये शौचालय-स्नानगृह हवे आहे. घराचे जुनेपण टिकवून हे कसे करावे?

उत्तर : या वयात रात्री पावसातून न्हाणीघरापर्यंत जाणे योग्य नाही, तेव्हा आतल्या स्नानगृहाविषयी मनात किंतु बाळगू नये. फक्त ते माजघरात किंवा बाळंतिणीच्या खोलीत घुसवू नये. पाण्याच्या सगळ्या सोयी, म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, मोरी, स्नानगृह आणि शौचालय, मागच्या पडवीच्या एका अंगाला एकत्र आणाव्यात. नळ जुन्या जाड भिंतीत पुरण्याऐवजी पडवीतल्या नव्या, पातळ भिंतीतून न्यावेत, म्हणजे पुढे गळती झाली तर नवी भिंत फोडावी लागेल, जुनी नाही. जमिनीला भरपूर उतार, खडबडीत लाद्या, आधाराला दांडे, आणि दारात उंबरठ्याऐवजी हलका उतार ठेवावा.

शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर दूर आणि शक्यतो उताराच्या खालच्या बाजूला असावा. जांभ्याच्या जमिनीत पाणी झपाट्याने मुरते आणि दूरवर जाते, म्हणून इथे हात आखडता घेऊ नये. शेजाऱ्याची विहीर कुठे आहे, तेही मोजून पाहावे.

मॉड्युलर किचन शहरात असते तसेच समुद्राकाठी चालत नाही. दाबलेल्या भुश्याच्या फळ्या एका पावसाळ्यात फुगतात. आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लाय घ्यावे आणि बिजागऱ्या व कड्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात, कारण त्यातल्या मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या हवेला ३०४ पेक्षा चांगले तोंड देते. कपाटे जमिनीवर न टेकवता पायांवर वीतभर उचलावीत. सगळी कपाटे बंद दारांची करण्यापेक्षा आपल्या जुन्या जाळीच्या कपाटाची कल्पना घ्यावी: वरच्या बाजूला लाकडी चौकट आणि स्टीलची बारीक जाळी असलेली दारे, खाली कडप्प्याच्या उघड्या फळ्या. हवा खेळती राहिली तर भांड्यांना बुरशीचा वास येत नाही.

चूल मोडू नये, एवढी विनंती आहे. तिच्या धुरामुळे छपराच्या लाकडाला कीड कमी लागत असे. गॅस आल्यापासून वासे का पोखरले जातात, असे पुष्कळ जण विचारतात, त्याचे एक कारण हे आहे. मागच्या पडवीत धुरांडे घालून चूल ठेवली, तर आंघोळीचे पाणी तापेल, सणाला मोठे पातेले चढेल आणि नवा ओटा धुराने काळा होणार नाही.

प्रश्न : माकडांनी मंगलोरी कौले फोडून नुकसान केले आहे. दापोली तालुक्यातल्या आमच्या शेजाऱ्यांनी पत्रे घातले. माळ्यावर मुलांसाठी वातानुकूलित खोली करायची आहे. पत्रे घालावेत का?

उत्तर : नुसते पत्रे घातले तर माळा उन्हाळ्यात तापतो आणि पावसात कुणाचे बोलणे ऐकू येत नाही. सांगाड्याला अतिरिक्त वजन झेपते याची तपासणी करून, खाली पत्र्याचा थर आणि त्यावर पट्ट्या ठोकून जुनीच कौले बसवणे हा मधला मार्ग आहे. कौल फुटले तरी पाणी पत्र्यावरून निघून जाते, आणि दोन्हींमधल्या हवेमुळे उष्णता कमी उतरते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत असंख्य घरांची कौले उडाली, त्यामुळे कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळी गंज न चढणाऱ्या तारेने रिपांना, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांना, बांधून घ्याव्यात.

वातानुकूलन माळ्यावर करू नये. कौलारू छपराला फटी असणे हाच त्याचा गुण आहे, आणि त्या बुजवल्या की लाकूड कुजते. खाली जाड भिंतींची, तक्तपोशी असलेली एक लहान खोली त्यासाठी निवडावी.

प्रश्न : वेंगुर्ल्याच्या घरासाठी सून नवे सोफे आणि पांढऱ्या भिंती म्हणते, मला झोपाळा, फडताळ आणि शिसवी खुर्च्या सोडवत नाहीत. दोन्ही एकत्र ठेवले तर घर विसंगत दिसेल का?

उत्तर : ताई, आपण दोघी जितक्या दूर आहात असे आपल्याला वाटते तितक्या नाही. पांढरी भिंत ही आपलीच आहे, ती चुन्याची होती. तिच्यावर शिसवाचा काळसर तकाकता रंग जितका उठून दिसतो तितका कशावरच दिसत नाही.

आपण ज्याला जुने म्हणतो, तेही एकेकाळी कोकणात नवे म्हणून आले, हे ध्यानात घ्यावे. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात १८६५ साली काढला. त्याआधी आपली घरे गवताने किंवा नळीच्या कौलांनी शाकारलेली असत. रत्नागिरीचा थिबा राजवाडा १९१० साली ब्रह्मदेशाच्या निर्वासित राजासाठी बांधला गेला, आणि जांभ्याच्या भिंतींत अर्धवर्तुळाकार खिडक्यांच्या रंगीत काचा किती सहज बसल्या आहेत, ते तिथे जाऊन पाहता येते. त्याच गावातले लोकमान्य टिळकांचे जन्मस्थानही अवश्य पाहावे; उतरत्या छपराखाली मोजकेच सामान असले की खोली कशी भारदस्त दिसते, ते तिथे कळते. पाऊस आणि दमटपणा यांत जे टिकले आणि उपयोगी पडले, ते इथले झाले.

विसंगती येते ती नव्या वस्तूंनी नव्हे, नकलेने. पॉलिश मारलेले खोटे कोरीव खांब, प्लास्टिकच्या फुलांच्या माळा, जुने भासवण्यासाठी ओरखडे पाडलेली टेबले यांना घरात थारा देऊ नये. सोफा घ्यावा, पण ठेंगणा, सरळ रेषांचा, सुती अभ्र्यांचा आणि भिंतीपासून वीतभर पुढे. त्याची पाठ खिडकीच्या गजांपेक्षा खाली राहिली की खिडकीचा मान राहतो. प्रत्येक खोलीत एकाच जुन्या वस्तूला मुख्य जागा द्यावी आणि बाकीच्यांनी तिच्यापुढे शांत असावे. ओटीवर झोपाळा मुख्य, म्हणून तिथे सोफा नको, दोन साध्या वेताच्या खुर्च्या पुरेत. झोपाळ्याच्या कड्या ज्या तुळईला आहेत ती मात्र टोकांशी कुजलेली नाही ना, हे सुताराकडून ठोकून तपासून घ्यावे. माजघरात सुनेच्या पसंतीचा सोफा आणि त्याच्यासमोर आपले फडताळ, ज्यात आता पुस्तके आणि काचेची भांडी राहतील. शिसवी खुर्च्या चार असतील तर दोन जेवणाच्या टेबलाशी आणि दोन झोपण्याच्या खोल्यांत द्याव्यात. एका रांगेत मांडल्या की त्या संग्रहालयातल्यासारख्या दिसतात. दिवळ्यांमध्ये २७०० केल्विनचे पिवळसर छोटे दिवे ठेवावेत. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाखकामाची एखादी वस्तू आणली तर तिच्यासाठी एक कोनाडा रिकामा करावा आणि त्यात दुसरे काही ठेवू नये.

आपली पहिली निवड आणि सुनेची पहिली निवड एकाच कागदावर लिहून मग खोल्या वाटाव्यात, असे मला मनापासून वाटते. तिला त्या घरात पुढची चाळीस वर्षे राहायचे आहे.

प्रश्न : आमचे घर गुहागर तालुक्यात समुद्रापासून शंभर-सव्वाशे मीटरवर आहे. आतल्या दुरुस्तीला सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांची, अडचण येते का?

उत्तर : २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून, दाट वस्तीच्या भागात ५० मीटर आणि इतरत्र २०० मीटरपर्यंत विकासबंदी आहे. मात्र या पट्ट्यातही अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती, सध्याचे जोत्याचे क्षेत्र आणि चटईक्षेत्र न वाढवता, करता येते. म्हणून मागे नवी पडवी काढण्याचा विचार असेल तर आधी थांबावे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, जुनी घरपट्टीची पावती आणि घराची आतून-बाहेरून छायाचित्रे जवळ ठेवावीत, आणि काम सुरू करण्यापूर्वी तहसील कार्यालयात लेखी विचारणा करावी.

प्रश्न : सागाच्या आणि फणसाच्या जुन्या दारांवर तेलरंगाचे सहा-सात थर आहेत. ते काढून मूळ लाकूड दाखवता येईल का? काही चौकटींना वाळवीही लागली आहे.

उत्तर : आधी वाळवी, मग रंग. मातीच्या नळ्या जिथून निघतात ती जागा शोधून, परवानाधारक माणसाकडून जोत्याशी औषध द्यावे आणि विहीर जवळ असल्याचे त्याला आधी सांगावे. आतल्या, पाऊस न लागणाऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण कुंच्याने दोन-तीनदा पाजावे; पावसात भिजणाऱ्या लाकडातून ते धुऊन जाते. काजूच्या टरफलाचे तेल आपल्याकडे पूर्वीपासून वापरतात आणि ते उपयोगी आहे, पण अंगाला लागले तर फोड येतात, म्हणून हातमोजे घालूनच काम करावे.

जुन्या तेलरंगात शिसे असू शकते, त्यामुळे तो कोरडा घासून धूळ उडवू नये आणि काम चालू असताना लहान मुलांना व गरोदर स्त्रीला घरात ठेवू नये. रंग काढण्याचे रसायन लावून पातळ पत्रीने थर सोडवावेत, पाण्याने पुसून निघालेला गाळ पिशवीत बंद करावा. कोरीवकामात धातूऐवजी बांबूची काडी वापरावी. सगळीच दारे उघडी करण्याचा अट्टहास नको. ज्या दारांना मुळातच हलके लाकूड वापरले आहे ती पुन्हा रंगवावीत, आणि रंग निवडताना खालच्या थरांत सापडलेला सर्वांत जुना रंग आधी पाहावा. पुष्कळदा तो निळसर हिरवा निघतो आणि आजच्या पांढऱ्या भिंतीशी फार सुरेख जुळतो.

फणसाचे लाकूड रंग निघाल्यावर पिवळे दिसते, पण उजेडात वर्षभरात ते तपकिरी होते, म्हणून त्याला गडद रंगाचे पॉलिश देण्याची घाई करू नये. चकचकीत लॅकरऐवजी जवसाचे उकळलेले तेल अगदी पातळ, चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन वेळा द्यावे आणि दर वेळी जास्तीचे पुसून घ्यावे. तेल पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि चुरगळलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून पूर्ण वाळवाव्यात किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्यात, आणि सुतार संध्याकाळी निघण्यापूर्वी स्वतः जाऊन एकदा पाहून घ्यावे.